सोयऱ्यांचं पेट्रोल

"काचा वर घे, रघ्या," दौलतमामा म्हणाला.

"उकडतंय, मामा."

"उकडणारच. मे महिना आहे, लग्न आहे, अंगात कोट आहे. पण हायवेला काच उघडी राहिली की वारा आत घुसतो आणि गाडीला मागं ओढतो. आपण पुढं निघालोय का मागं?"

मी काच वर घेतली. डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या, हातात लिंबू खोचलेली कट्यार, आणि अंगात आमच्या शिंप्यानं थंडीच्या दिवसात शिवलेला जाडजूड जोधपुरी कोट. फियाटच्या चारी काचा बंद. त्या उकाड्यात कट्यारीच्या टोकावरचं लिंबू शिरवळ सोडेपर्यंत अर्धं वाळलं आणि खंबाटकी घाटाच्या पायथ्याला त्याचं लोणचं झालं. खोटं वाटत असेल तर माझ्या धाकट्या बहिणीला विचारा. ती नाही म्हणेल, पण ती पहिल्यापासून माझं काहीच कबूल करत नाही.

विमल माझ्या शेजारीच बसली होती, करवली म्हणून. मांडीवर हळदीकुंकू घातलेल्या पाण्यानं भरलेला तांब्या. तांब्यावरचा नारळ डळमळतो म्हणून तिनं पायाशी ठेवला होता. पुढं मामाच्या शेजारी आप्पा, म्हणजे आमचे वडील. बाकीचं वऱ्हाड पहाटेच ट्रकनं साताऱ्याला गेलेलं.

"विमे, तांब्यावर लक्ष ठेव," मामा आरशातून बघत म्हणाला. "पाणी हिंदकळलं की सांग."

"का हो मामा?"

"पाणी हिंदकळलं म्हणजे माझा पाय जोरात पडला. पाय जोरात पडला म्हणजे पेट्रोल वाया गेलं. त्या काट्यापेक्षा तुझा तांब्या खरा."

मामाची गावात पिठाची गिरणी होती, आणि पंचक्रोशीत नसलेली एक गोष्ट होती: स्वतःची मोटार. मामा ती चालवायचा कमी आणि तिचं अ‍ॅव्हरेज काढायचा जास्त. लिटरला अठरा. कंपनीनं सुद्धा एवढं कबूल केलं नसेल. मामाच्या अ‍ॅव्हरेजच्या गोष्टी मी आजवर इतक्या ठिकाणी सांगितल्यात की त्यातल्या खऱ्या कुठल्या ते आता माझं मलाच आठवत नाही. एकदा टाकी पार कोरडी पडल्यावर मामा नुसत्या पेट्रोलच्या वासावर खंडाळ्याहून गावात आला, आणि वेशीजवळ वास संपला म्हणून थांबला. एकदा घाटाच्या उतारावर त्यानं इंजिन इतका वेळ बंद ठेवलं की खाली आल्यावर टाकीत पाव लिटर वाढलेलं निघालं. लोक हसायचे. मामाही हसायचा. "पाव नाही रे, छटाक," म्हणायचा.

पण त्या दिवशीची गोष्ट मी सहसा सांगत नाही.

माझी आई मी चौथीत असताना गेली. मामा तिचा एकुलता एक भाऊ. त्याला मूलबाळ नाही. लग्न ठरलं तसा तो आप्पांना एवढंच म्हणाला होता, "दाजी, बँड त्यांचा, जेवण त्यांचं, पत्रिका कुणाच्याही नावानं छापा. पोराला मांडवात माझ्या गाडीतून नेणार आणि मंगलाष्टकांना त्याच्या मागं मी उभा राहणार. बाकी मला काही नको."

आमच्यात नवऱ्या मुलाच्या मागं मामानं उभं राहायचं असतं, म्हणजे त्यात मागण्यासारखं काही नव्हतं. पण मामानं ते मागून घेतलं होतं.

घाटमाथा आला. मामानं गियर न्यूट्रलला टाकला, किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

ज्यानं जुन्या फियाटमधून इंजिन बंद करून घाट उतरलेला नाही त्याला ती शांतता सांगून कळायची नाही. घरघर एकदम थांबते. टायरखाली रस्ता सरसरतो. गाडीतली माणसं आपोआप हळू बोलायला लागतात, देवळात बोलावं तशी. आज कुणी असलं काही करू नये. त्या गाडीचे ब्रेक इंजिनावर अवलंबून नव्हते आणि मामाचा पाय ब्रेकवरून हलत नव्हता, म्हणून आम्ही वाचलो.

"तुझ्या आईला ह्या उताराची लई भीती," मामा म्हणाला. एरवी तो गिरणीत बोलल्यासारखा ओरडून बोलायचा. आईबद्दल काही बोलायचं असलं की उताराची वाट बघायचा. "डोळे मिटून घ्यायची आणि म्हणायची, दौल्या, चालू कर ते. मी म्हणायचो, अक्के, फुकट चाललोय, गप बस की."

आप्पा खिडकीबाहेर बघत होते.

"आज ती असती तर पुढं बसली असती," मामा म्हणाला. "दाजी, तुम्ही मागं."

आप्पा हसले. मीही हसलो. खाली वेळे गावाशी आल्यावर मामानं गाडी पुन्हा चालू केली आणि विमलनं जाहीर केलं, "मामा, एक थेंब सांडला नाही."

"सांडेल कसा?"

भुईंज मागं पडलं. काटा सुरुवातीपासून खालीच होता, आता पार टेकायला आला. आप्पांनी दोनदा तिकडं बघितलं आणि तिसऱ्यांदा बोलले.

"दौलतराव, टाकी भरून का नाही घेतली?"

"दाजी, पेट्रोलला पण वजन असतं. भरलेली टाकी वाहून न्यायला पुन्हा पेट्रोल लागतं. मी हिशेबानं टाकलंय. साताऱ्याच्या मांडवापर्यंत लिटरला अठरानं. वर अर्धा लिटर शकुनाचं."

"मामा, पण शहरात?" मी विचारलं. "शहरात गर्दी असते. तिथं अठरा पडेल?"

मामानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. रस्ता सरळ होता म्हणून बरं.

"तू बी. कॉम. ना रे? पळणारा माणूस पाणी जास्त पितो का बसलेला?"

"पळणारा."

"मग? हायवेला गाडी पळते. शहरात बैलगाडीच्या मागं मागं चालते. हळू चालली म्हणजे कमी पिणार. शहरात अठराचं वीस पडेल एखाद्या वेळेस."

हे इतकं पटण्यासारखं होतं की आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मामानं आयुष्यभर गाव ते शिरवळ, शिरवळ ते खंडाळा अशी मोकळ्या रस्त्यावर गाडी हाकलेली. शहरात तो जायचा तो एसटीनं, तिथं गाडी घासते म्हणून. शहरात गाडी चार पावलं जाते, थांबते, पुन्हा पहिल्या गियरवर जोर काढते, जागेवर उभी राहून सुद्धा जळत राहते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी त्यानं त्या माणसालाच पिठाच्या चाळणीतून काढलं असतं.

साताऱ्यात शिरायच्या फाट्यावर माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचा पेट्रोल पंप होता. बापूसाहेब निकम. पंपाला आंब्याच्या पानांचं तोरण लावलेलं, यंत्रांना झेंडूच्या माळा, आणि पंपावरची चार पोरं नवे शर्ट घालून रस्त्याकडेला उभी. आमची गाडी ओळखून ती हात हलवायला लागली.

"घ्या आत," आप्पा म्हणाले. "दोन लिटर टाकून घ्या."

मामानं पाय उचलला नाही.

"दौलतराव."

"दाजी, सोयऱ्यांचा पंप आहे. पैसे घेतील ते? पोरीच्या लग्नाच्या दिवशी, नवरदेवाच्या गाडीकडून?"

"नाही घेणार."

"मग उद्या काय होईल? शिंद्यांचा मुलगा सोयऱ्यांच्या फुकटच्या पेट्रोलवर बोहल्यावर आला. पोरीला जन्मभर ऐकवायला होईल. नाही, तिला नाही, ती आपल्याला ऐकवेल."

आप्पांनी क्षणभर विचार केला. आप्पांच्या अंगात नाकाचं हाड सोडून दुसरं ताठ काही नव्हतं, पण ते फार ताठ होतं. "तेही खरंच आहे म्हणा," ते म्हणाले.

आम्ही चौघांनी पोरांना हात केले आणि पुढं गेलो. काटा टेकला होता.

शहरात शिरल्यावर मामा म्हणाला, "आता काचा उघडा. शहरात वाऱ्याचं काही चालत नाही." आम्ही काचा उघडल्या. वारा तर नव्हताच, धूर आला.

लग्नाची मोठी तिथी होती. पोवई नाक्याच्या चढाला पुढं ट्रक, मागं एसटी, मध्ये आम्ही. मामा गाडी चार पावलं न्यायचा, थांबवायचा, इंजिन बंद करायचा, की मागचे भोंगे वाजवायचे. मग पुन्हा सेल्फ मारायचा. चढावर क्लच सोडताना गाडी गचका द्यायची. पहिल्या गचक्याला विमल "मामा!" म्हणाली, दुसऱ्याला काही म्हणाली नाही, कारण तोवर तांब्यातलं निम्मं पाणी माझ्या पांढऱ्या सुरवारीवर आलेलं होतं. आणि ते सांडलं होतं नेमकं नको त्या जागी.

"वाळेल," मामा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. घाटात सुद्धा मी त्याला घाम आलेला बघितला नव्हता.

राजपथावर तर बँडच सामोरा आला. निकमांचा बँड. नवरदेवाला वाजतगाजत न्यायला सोयरे कौतुकानं पार कमानी हौदापर्यंत आले होते. पुढं लाल डगल्यातले वाजंत्री, त्यांच्यामागं आरतीचं ताट घेतलेल्या बायका, आणि मग आमची गाडी. पोरं नाचायला लागली. मामानं खिडकीतून डोकं काढलं.

"जरा चला की पुढं! गाडी चालू आहे!"

"चालू राहू द्या!" एक नाचणारा ओरडला. "आमचीपण चालूच आहे!"

मुंगीच्या पावलानं आम्ही निघालो. पाय अर्धा क्लचवर, अर्धा ब्रेकवर. मामा आता काट्याकडं बघत नव्हता, पुढं ठेवलेल्या गणपतीकडं बघत होता. मोती चौकाच्या अलीकडं, जिथून मांडवाची कमान दिसत होती, तिथं गाडीनं एक उचकी दिली. मग दुसरी. मग एक लांब सुस्कारा टाकला, आणि घाटात पडते तशी शांतता पडली. फक्त हा उतार नव्हता.

बँड वाजवत पुढं निघून गेला. बराच पुढं गेल्यावर ढोलवाल्यानं सहज मागं बघितलं आणि मागं नवरदेव नाही हे त्याच्या लक्षात आलं. एक एक वाद्य बंद होत गेलं. सनईवाल्याचे डोळे मिटलेले होते, तो शेवटपर्यंत वाजवत राहिला.

"काय झालं?" "पंक्चर का?" "पेट्रोल संपलं म्हणतात!" "कुणाचं?" "नवरदेवाचं!"

हसण्याची एक लाट गर्दीतून मागपर्यंत गेली आणि परत आली. मी गाडीत बसून होतो. नवरदेवानं मध्येच खाली उतरायचं नसतं म्हणे, आणि उतरणार तरी कसा? सुरवार ओली होती. मी कट्यार मांडीवर आडवी धरली.

एवढ्यात आरतीचं ताट घेतलेली एक उंच बाई खिडकीशी आली. नऊवारी शालू, नाकात नथ, आवाज असा की बँड नसता आणला तरी भागलं असतं. ही गोदाक्का, बापूसाहेबांची मोठी बहीण. लग्न ठरवताना ती आजारी होती, त्यामुळं आमच्यापैकी कुणालाच तिनं पाहिलेलं नव्हतं.

"आमच्या पंपावरून आलात ना?" ती म्हणाली. "तिथं पोरं उभी केली होती."

मामानं उगाच किल्ली फिरवून बघितली.

"मग भरलं का नाही? पेट्रोल पंपवाल्याच्या पोरीला न्यायला यायचं आणि पेट्रोल संपवून उभं राहायचं! सबंध सातारा बघतोय. कुणाचं हे डोकं? गाडी कुणाची?"

आप्पांनी फेट्याचा शेमला खांद्यावर नीट घेतला. तो नीटच होता.

मामा दार उघडून खाली उतरला. त्यानं डोक्यावरचा नवा फेटा कधी काढून सीटवर ठेवला ते मला कळलं नाही. हात जोडून तो म्हणाला, "माझं चुकलं, बाई. ह्यांचा काही दोष नाही. ही भाड्याची गाडी आहे. मी ड्रायव्हर."

"ड्रायव्हर?"

"हां जी. हे साहेब मला म्हणाले होते, पेट्रोल भर. मीच म्हणालो, पुरेल."

"असले ड्रायव्हर आणता कुठून तुम्ही?" गोदाक्कानं आप्पांना विचारलं.

आप्पा म्हणाले, "लग्नाची तिथी. मिळेल तो घ्यावा लागतो."

विमलनं तोंड उघडलं. आप्पांनी मागं वळून तिच्याकडं बघितलं आणि तिनं ते मिटलं. माझ्याकडं बघायची त्यांना गरज पडली नाही.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. एका बुलेटवरून बापूसाहेब येत होते. स्वतः. डोक्याला लाल फेटा, अंगात रेशमी कोट, आणि मांडीवर पत्र्याचा डबा. ते उतरले आणि डबा घेऊन सरळ आमच्याकडं चालत आले. सासरा नवरदेवाचे पाय धुवायला तांब्या घेऊन येतो. माझा पेट्रोलचा डबा घेऊन आला.

आणि बापूसाहेब मामाला ओळखत होते. लग्नाची बोलणी करायला ते आमच्या गावी आले होते तेव्हा मामानं त्यांना ह्याच गाडीतून शिवारभर फिरवलं होतं आणि दोन तास अ‍ॅव्हरेज समजावून सांगितलं होतं. पंपवाल्याला!

"बापू, ह्या ड्रायव्हरचा शहाणपणा बघ," गोदाक्का म्हणाली.

बापूसाहेबांनी मामाकडं बघितलं. उघडं डोकं, जोडलेले हात. मग आप्पांकडं. मग खिडकीतून माझ्याकडं. माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं असावं, कारण मला कट्यारीवरचं लिंबू नीट बसवायला बराच वेळ मिळाला.

"ड्रायव्हरसाहेब," ते म्हणाले, "झाकण उघडता का?"

मामानं झाकण उघडलं. बापूसाहेबांनी डबा तिरका केला. मामानं टाकीच्या तोंडाशी फडकं धरलं, एक थेंब बाहेर सांडू दिला नाही. ती सवयच होती त्याची. सबंध रस्ता गप्प झाला होता आणि टाकीत पेट्रोल पडल्याचा आवाज येत होता. तो आवाज एवढा वेळ चालला की मला वाटलं टाकीला तळ नाही.

मांडवात मला पाटावर उभं केलं. सुरवार वाळली होती, पण तांब्यातल्या हळदीकुंकवाचा डाग राहिला होता. भटजींनी अंतरपाट धरायला लावला. पलीकडं शैलजाच्या हातातल्या बांगड्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

"मुलाचा मामा! मुलाचे मामा कुठायत?" भटजी ओरडले. "मुलाच्या मागं उभे राहा, मुहूर्त साधायचा आहे!"

मी मांडवाच्या दाराकडं बघितलं. बाहेर रस्त्यापलीकडं झाडाखाली ट्रकचे, मोटारींचे ड्रायव्हर बसले होते. त्यांच्यात मामा. कुणीतरी त्याला विडी देत होतं. मामा विडी ओढत नसे. त्यानं ती घेतली होती आणि नुसती बोटांत धरली होती.

"मामांना यायला जमलं नाही," आप्पा म्हणाले. आवाज एकदम नेहमीचा. "प्रकृतीचं कारण. मुलाचे काका उभे राहतील."

काका पुढं सरकले. मामाला ओळखणारं आमचं वऱ्हाड हातातल्या अक्षता निवडायला लागलं. मी आप्पांकडं बघितलं. बोलायला फार काही लागत नव्हतं. 'तो बघा मामा' एवढंच. लहान पोर सुद्धा बोट दाखवून म्हणालं असतं. पण सबंध मांडव मघाशी हसला होता, आणि तो पुन्हा कसा हसेल ते मला आधीच ऐकू यायला लागलं होतं.

"थांबा जरा," अंतरपाटापलीकडून बापूसाहेब म्हणाले.

"अहो, मुहूर्त," भटजी म्हणाले.

"मुहूर्त माझ्या पोरीचा आहे. थांबेल."

ते मांडवातून उतरले, उन्हात रस्ता ओलांडून झाडाखाली गेले. तिथं काय बोलले ते मला कधी कळलं नाही. मामा मान हलवत होता. बापूसाहेबांनी त्याच्या बोटांतली विडी काढून टाकली, त्याचा हात धरला आणि त्याला चालवत आत आणलं. सगळ्या माना वळल्या.

"बापू!" गोदाक्का म्हणाली. "अरे, हा तर ड्रायव्हर!"

"हो अक्का."

"मामाच्या जागी ड्रायव्हर उभा करणार?"

"मुलाला इथवर कुणी आणलं?" बापूसाहेब म्हणाले. "ज्यानं आणलं तो मागं उभा राहील. व्याही, तुमची काही हरकत?"

आप्पांना त्यांनी मुद्दाम विचारलं होतं. खरं सांगायला अजूनही जागा ठेवली होती. आप्पा म्हणाले, "छे छे, हरकत कसली."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "जावईबापू, तुमची?"

मी नुसती मान हलवली. नाही म्हणून.

काका बाजूला झाले. मामा माझ्या मागं येऊन उभा राहिला. त्याच्या हाताला पेट्रोलचा वास येत होता. मंगलाष्टका सुरू झाल्या, अक्षता पडत राहिल्या, आणि सबंध वेळ मागं तो एवढ्या बेतानं श्वास घेत होता, जसा काही त्यालाही हिशेब होता.

निघताना आप्पा ट्रकच्या केबिनमध्ये बसले. वऱ्हाडावर लक्ष ठेवायला हवं म्हणाले. गाडीत पुढं विमल होती. रिकामा तांब्या पोटाशी धरून ती लिंब गाव येण्याआधीच झोपली. मागं मी आणि शैलजा. तिचं रडून झालं होतं. काटा पार वर होता. बापूसाहेबांनी पाठवणीच्या आधी पंपावर गाडी नेऊन टाकी गच्च भरून दिली होती.

मामानं काचा वर घ्यायला सांगितलं नाही. हायवेला चारी काचा उघड्या होत्या, वारा नुसता पिसाटल्यासारखा आत येत होता. त्याचा फेटा सीटवर तसाच होता. वाऱ्यानं त्याचा शेमला फडफडत होता.

घाट चढून माथ्यावर आलो तेव्हा दिवस मावळत होता. उतार सुरू झाला. मी मामाच्या हाताकडं बघत होतो. सवयीनं तो गियरपर्यंत गेला आणि परत स्टिअरिंगवर आला. इंजिन घरघरत राहिलं.

एक वळण गेलं. दुसरं गेलं.

"बंद करा ना," मी म्हणालो.

"काय?"

"इंजिन. उतार आहे."

"राहू दे."

"पेट्रोल जळतंय."

"जळू दे," मामा म्हणाला. इंजिनाच्या आवाजात त्याला जरा मोठ्यानं बोलावं लागलं. "सोयऱ्यांचं पेट्रोल आहे. ते वाचवून मी काय दाखवू, आणि कुणाला?"

शैलजानं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि ती थोडी पुढं वाकली.

"मामा," ती म्हणाली.

त्या दिवशी, मोती चौकात गाडी बंद पडल्यापासून, त्याला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. गाडी किंचित हलली. मामानं आरशात बघितलं.

"बाबांनी सांगितलंय मला, तुम्ही कोण ते. म्हणाले, घाटात मामा गाडी कशी फुकट पळवतात ते बघून ये आणि माहेरपणाला आलीस की मला सांग." ती थांबली. "आणि हे पेट्रोल आता सोयऱ्यांचं कसं? मी आले ना सोबत."

पुढचं वळण त्यानं इंजिन चालू ठेवूनच घेतलं. मग त्याचा हात गियरकडं गेला, आणि मग किल्लीकडं.

शांतता झाली. टायरखाली रस्ता सरसरायला लागला. विमल झोपेत कूस बदलून पुन्हा झोपली. मामानं एका हातानं सीटवरचा फेटा उचलला, बघितला, आणि डोक्यावर न ठेवता तसाच मांडीवर घेतला. मला वाटलं, आता तो आईबद्दल काहीतरी बोलेल. उतारावर तो नेहमी बोलायचा.

तो गप्पच राहिला. तो माझ्या बोलण्यासाठी थांबलाय हे मला कळत होतं, आणि ते शैलजालाही कळत असावं, कारण ती आता बाहेर बघत होती. मांडवात बोललो नाही त्याबद्दल मला एकच वाक्य बोलायचं होतं. खाली खंडाळ्याचे दिवे दिसायला लागले होते. तो घाट काही फार लांब नाही.